पंधरावी जागा

॥ बिरोबा प्रसन्न ॥

बरकडेवाडी, सुपे
ता. १८ ऑगस्ट १९९७

चि. योगिनीस,
थोरल्या बहिणीचे आशीर्वाद.

पुण्याच्या ऑफिसात खुर्चीवर बसणाऱ्या बाईला 'चिरंजीव' लिहावं की 'आदरणीय', या विचारात पाच मिनिटं गेली. शेवटी म्हटलं, जीपमधून उतरली म्हणून काही ती माझ्यापेक्षा मोठी झाली नाही. चार वर्षांनी लहान होती, अजून तेवढीच आहे.

रविवारी तू आलीस आणि गेलीस. सात वर्षांत दिवाळीला दीड दिवस आणि आईच्या दहाव्याला एक दिवस, एवढंच तुझं येणं. या वेळी आलीस ती कंपनीच्या कामाला. तरी आबांनी तुझ्यासाठी नवं घोंगडं काढलं. ते घोंगडं माझ्या भुऱ्या मेंढीच्या लोकरीचं, मी कातरलेलं, आणि विणून घ्यायला सनगराकडे हेलपाटे घातले तेही मीच. आजवर माझ्या पोरीला, राजनंदिनीलाही त्यावर बसू दिलं नव्हतं. तू बसलीस, तुझ्याबरोबरचे निहारसाहेब बसले आणि आबा समोर मातीत उकिडवे. "ही माजी योगिनी, ही माजी योगिनी." अकरा वेळा म्हणाले. मी चहाचे कप विसळता विसळता मोजत होते.

बोललीस मात्र छान. माळावर वाऱ्याचे पंखे उभे करायचे, धूर नाही, राख नाही, कुणाचं घर उठणार नाही. आणि कंपनीचा नियम असा की आधी माळ ज्यांचा त्यांना विचारायचं. त्यांचे देव, त्यांच्या मेंढवाटा, त्यांचं पाणी यांची यादी करायची आणि तिथे हात लावायचा नाही. तू दिलेली पुस्तिका मी रात्री वाचली. 'शाश्वत' हा शब्द नऊ वेळा आहे. आबांनी अर्थ विचारला. मी सांगितलं, कायमचं. ते म्हणाले, "मग माळावर वाऱ्याबिगर कायमचं काय हाय?"

सरूबाईंनी विचारलं, "पोरी, वारा पंख्यात आडाकला तर पाऊस कुठनं यील?" सगळे हसले, तू नाही हसलीस. त्यांच्याजवळ जाऊन बसलीस, हातात हात घेतलास आणि समजावलंस. सरूबाई मान डोलवत होत्या. याच सरूबाईंना मी नऊ वर्षं अंगणवाडीतून सांगतेय की नातवाला पाणी उकळून पाजा. अजून पाजत नाहीत. तुझं दहा मिनिटांत पटलं.

यादी कुणी लिहायची असा विषय निघाला तेव्हा तू म्हणालीस, मी लिहून घेते. आबा एकदम म्हणाले, "न्हाय. यादी नकूच लिवंल. दुसरं कुनी न्हाय." मला हसू आलं. घोंगड्यावर बसायला योगिनी आणि राबायला मी, नकोशी. तू बारामतीच्या वसतिगृहात गेलीस त्या वर्षीही असंच झालं होतं. जागा एक होती. सातवीत मी पहिली आले होते आणि मेंढरांमागे कुणीतरी लागतं म्हणून मी राहिले. पुढे सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी काढली, पण त्याचे पेढे कुणी वाटले नाहीत. ते असो. यादी लिहीन मी.

तुझी,
आक्का


बरकडेवाडी
ता. ९ सप्टेंबर १९९७

चि. योगिनीस,

शिवारफेरी झाली, यादी तयार झाली, सोबत पाठवते आहे. चौदा जागा आहेत. बिरोबाचं ठाणं, वाघजाईचा दगड, आजोबांची समाधी, हिवराच्या झाडाखालची लोकर कातरायची जागा, वरचं तळं, सुप्याच्या बाजाराची मेंढवाट आणि बाकीच्या. वाडीतल्या बावीस घरांचे अंगठे आणि सह्या खाली आहेत. सरूबाईंचा अंगठा जरा पुसट उठलाय, पण तो त्यांचाच.

फेरीत तुझा थाट मी बघत होते. पायात बूट, डोक्यावर कंपनीची टोपी. आपण दोघी याच माळावर अनवाणी फिरलो आहोत. तुझ्या टाचेतले काटे मी बाभळीच्याच काट्याने काढायचे आणि तू माझ्या वेणीला धरून ओरडायचीस. परवा बाभळीखालून गेलीस तर एक काटा लागला नाही तुला. मला तीन लागले.

आबा सकाळपासून खुशीत होते. एकेक जागा हात लांब करून दाखवत होते, तिची गोष्ट सांगत होते. गोष्ट सांगायचे निहारसाहेबांना, पण बघायचे तुझ्याकडे. मी मागे वही घेऊन. फक्त एका ठिकाणी, ओढ्याच्या वरच्या अंगाला, ते काही बोलले नाहीत. वहाणा काढल्या, पाठ फिरवली आणि थोडा वेळ उभे राहिले. तू तेव्हा निहारसाहेबांच्या दुर्बिणीला डोळा लावून होतीस. मग आबांनी वहाणा घातल्या आणि आपण पुढे गेलो.

आबांनी दाखवलं तेवढं सगळं लिहिलं आहे. दोनदा तपासलं.

राजनंदिनी तुझी टोपी मागते आहे. तिला म्हटलं, मावशीच्या डोक्यावर असते तेव्हाच ती टोपी, आपल्या घरी आली की ते ऊन लागू नये म्हणून घातलेलं फडकं. रडली. पाठव एखादी जुनी असली तर.

आक्का

ता. क. तुला लहानपणीचं किती आठवतं गं? मला सगळं आठवतं.


बरकडेवाडी
ता. ९ नोव्हेंबर १९९७

योगिनी,

यादीचं अक्षर आवडलं म्हणून तू चार ओळींचं पत्र पाठवलंस. त्यातल्या दोन ओळी अक्षरावर. इतकी वर्षं मी हजेरीपट लिहिते, पोरांची वजनं लिहिते, सुकडीचा साठा लिहिते, पण माझं अक्षर चांगलं आहे हे साहेब लोकांना आवडल्यावर तुला कळलं.

पेपरातला फोटो इथे पोचला. दत्तोबा वाण्याने पुडीला वापरण्याआधी आबांना आणून दिला. तू मध्ये, एका बाजूला आबा पटक्यात, दुसऱ्या बाजूला तुमचे मोठे साहेब रघुनाथराव. खाली छापलंय, 'धनगर बांधवांना सोबत घेऊन वाऱ्यापासून वीज, कु. योगिनी बरकडे यांचा पुढाकार.' यादी लिहिणारीचं नाव नाही. कशाला असेल? आबांनी तो फोटो देवाच्या फळीवर ठेवला. राजनंदिनीने तो तिथून काढून खळीने ट्रंकेवर चिकटवला आणि म्हणाली, "आई, मी मावशीवानी हुनार." मी तिला धपाटा घातला. का घातला ते तिला कळलं नाही. तिचे बाबा त्या दिवशी वालचंदनगरहून आले होते. ते म्हणाले, काय झालं तुला? मी म्हटलं, फळीवर चढली होती, पडली असती.

तुला लिहायला काय हरकत आहे. मला तुझा हेवा वाटतो. लहानपणी तुला साखर जास्त मिळायची तेव्हा वाटायचा तसाच आहे तो, फक्त आता वयाची चौतीस वर्षं झाली आणि तो सांगायला आई राहिली नाही. तू पुण्यात असतेस तेव्हा मी बरी असते. तू माळावर पाय ठेवलास की माझं जे काही आहे ते तुझं होतं. आबा, मेंढ्या, सरूबाई, माझी पोरगीसुद्धा. राजनंदिनीच्या बाबांना कारखान्याचं क्वार्टर मिळून सहा वर्षं झाली, नळाचं पाणी आहे तिथे. मी गेले नाही, कारण आबांना भाकरी कोण घालणार? आणि पाडव्याला आबांनी काय केलं? मेंढ्यांची पूजा झाली, शेणाच्या गोवऱ्यांवर दूध उतू घातलं. दूध मी काढलेलं, गोवऱ्या मी थापलेल्या. उरलेलं दूध पहिलं कुणाला? आबा म्हणाले, "योगी यील सांजच्याला. तिला ठिवा." तू सात वाजता आलीस आणि म्हणालीस, मला मेंढीचं दूध पचत नाही आता. आबा हसले.

पंख्यांच्या जागा ठरल्या म्हणे. परवा तुमची माणसं रस्त्याची आखणी करून गेली. फक्कीच्या पांढऱ्या रेघा. एक रेघ ओढ्याच्या अंगाने वर जाते. मी बघितली. साहेबांना जास्त कळतं, म्हणून मी बोलले नाही.

तू यादी नीट वाचलीस ना? वाचली नसशील तर एकदा वाच. माझ्या अक्षरासाठी नको, तुझ्यासाठी वाच.

आक्का


बरकडेवाडी
ता. २२ जानेवारी १९९८

योगिनी,

गेल्या बुधवारी मशीन आलं. मी अंगणवाडीत पोरांची वजनं घेत होते. आवाज ओढ्याकडून यायला लागला. काट्यावर सिंधुबाईचं पोर होतं, ते उतरवायचं मला सुचेना. सिंधुबाई म्हणाली, "बाई, पोरगं रडतंय." मी ते तिच्या हातात दिलं आणि पळाले.

तुला आठवत असेल किंवा नसेल म्हणून लिहिते. ओढ्याच्या वरच्या अंगाला खळगा आहे. तिन्ही बाजूंनी दरड, तळाशी पाझर, वारा आत येत नाही. आपल्या मेंढ्या तिथे वितात. पणजोबांपासून वितात. म्हणून परक्यासमोर त्या जागेचं नाव घ्यायचं नाही, तिच्याकडे बोट करायचं नाही. वहाणा काढायच्या आणि पाठ फिरवायची. दृष्ट लागू नये म्हणून. आपण दोघी लहानपणी तिथून जाताना पाठीनेच चालायचो आणि एकदा तू ओढ्यात पडलीस.

मशीनने पूर्वेची दरड कापली. माती खाली आली आणि पाझर बुजला. मी पोचले तोवर आबा मशीनपुढे जाऊन बसले होते. ओरडले नाहीत, काठी उगारली नाही. ड्रायव्हर बिचारा खाली उतरून म्हणाला, "बाबा, कागदावर हितं काय न्हाय. मला कागद दाखवलाय." आबा म्हणाले, "व्हय. तुजी काय चूक?"

नऊ मेंढ्या विण्याच्या होत्या. वाऱ्यात उघड्यावर व्याल्या. यंदा पौषात कशी थंडी आहे ते तुला पुण्यात कळलं असेलच. आम्ही पोती बांधली, ताट्या लावल्या. चार कोकरं गेली. भुरीचं गेलं. ती अजून खळग्याच्या तोंडाशी जाऊन हुंगते.

वाडीत सगळे तुझं नाव घेतात. सरूबाई काल पाराजवळ म्हणाल्या, "शिकली, सायब झाली, आन् आपली जागा इसरली. परक्यानं केलं आसतं तर सोसलं आसतं." तू आलीस की ज्या तुझ्या तोंडावरून हात फिरवायच्या त्याच ह्या सरूबाई.

खरं लिहू? ते ऐकून मला थोडा वेळ बरं वाटलं. पारापासून घरापर्यंत. घरी आबा मेलेलं कोकरू पदरात घ्यावं तसं उपरण्यात घेऊन बसले होते, तिथे ते बरं वाटणं संपलं.

तू ये. तू आलीस की सगळं नीट होतं असं इथे सगळ्यांना वाटतं. मलाही वाटतं, हाच तर माझा त्रास आहे.

आक्का


बरकडेवाडी
ता. ४ फेब्रुवारी १९९८

योगिनी,

परवाची अंगणवाडीतली सभा संपल्यावर तू माझ्याशी न बोलता जीपमध्ये बसलीस. काचेतून हात केलास. तो हात मला अजून दिसतो. म्हणून हे सगळं लिहिते आहे, आणि या वेळी काही राखून ठेवणार नाही.

रघुनाथराव वाईट माणूस नाहीत. काम थांबवलं, स्वतः आले, खळग्याशी गेले, टोपी काढली. पण त्यांचं म्हणणंही खोटं नव्हतं. "आम्ही विचारलं होतं. फेरी झाली. चौदा जागा लिहून आल्या, बावीस घरांनी सही केली. यापुढे इंदापूर तालुक्यात काम निघणार आहे. तिथले लोक विचारतील, सुप्यात काय केलंत? मला सांगा, ही जागा कुणाकडून राहिली?"

मी दुसऱ्या रांगेत होते. तोंड उघडलं होतं. देवाशप्पथ उघडलं होतं. तेवढ्यात तू उभी राहिलीस आणि म्हणालीस, "माझ्याकडून. मी याच वाडीची. मला ही जागा ठाऊक होती. विचारायचं काम माझं होतं. जबाबदारी माझी आहे."

सरूबाईंनी डोळ्याला पदर लावला. आणि मला काय वाटलं माहीत आहे? मला वाटलं, बघा. चूकसुद्धा हिनेच नेली. आयुष्यात एक गोष्ट पुरती माझी होती, माझ्या हाताने केलेली, आणि तीही ही उठून सगळ्यांसमोर आपल्या नावावर करून घेते आणि लोकांना हिचं कौतुक वाटतं. असं वाटलं मला. तुझी नोकरी जात होती आणि मी हे मनात म्हणत होते.

मग आबा उठले. तू पाहिलंस. म्हातारा दाराच्या चौकटीला धरून बाहेर आला, ओढ्याकडे तोंड केलं आणि उजवा हात उचलून बोट केलं. साठ वर्षांत पहिल्यांदा. "ती जागा. तितं आमच्या मेंढ्या वित्यात. आता लिवा. पोरीला काय करू नगा." बायका तोंड फिरवून उभ्या राहिल्या. रघुनाथरावांना ते काय होतं हे कळलं नाही, निहारसाहेबांना मात्र कळलं असावं, कारण ते खाली बघत होते.

तुझ्यासाठी आबांनी बोट केलं. माझ्यासाठी केलं असतं का, हाच विचार मी घरी येताना करत होते. शेवटी न राहवून वाटेत त्यांना विचारलं, "आबा, फेरीच्या वक्ती का न्हाय दाखवली जागा? त्याच वक्ती बोट केलं असतं तर?"

आबा थांबले. मला म्हणाले, "आगं, दाखवायचं न्हाय, बोलायचं न्हाय. पर लिवायचं न्हाय आसं कुनी सांगितलंय? कागदावर लिवलं म्हंजी बोट केलं न्हाय न् तोंडानं नाव घेतलं न्हाय. म्हनून तर म्या यादी तुज्याकडं दिली. योगी लहानपनीच बाहीर गेली, ती इसरंल. पर नकू न्हाय इसरायची. म्या पाठ फिरवली ती तुज्याकडं तोंड करून फिरवली. तुला दिसलं न्हाय व्हय?"

दिसलं होतं. योगिनी, मला दिसलं होतं. त्या दिवशी आबांनी पाठ फिरवली तेव्हा त्यांचं तोंड माझ्याकडे होतं आणि त्यांनी माझ्या वहीकडे बघितलं होतं. मी त्याचा अर्थ असा घेतला की म्हातारं वळलं तेव्हा समोर मी होते, बस. तीस वर्षं मी एकाच गोष्टीची वाट बघत होते, की आबांनी योगिनीला सोडून मला काही द्यावं. त्यांनी दिलं तेव्हा मला ते राबणूक वाटलं.

आता ऐक. मी विसरले नव्हते. अंगणवाडीच्या जुन्या वहीत मी कच्ची यादी केली तिच्यात पंधरा जागा आहेत. पंधरावी, 'ओढ्यावरचा खळगा, मेंढ्यांची वीण.' पक्की यादी करताना चौदाव्यानंतर मी थांबले. मला वाटलं, बघू या हिला आठवतं का. एवढी शिकलेली, एवढी साहेबीण. आठवलं नाही तर सगळ्यांसमोर एकदा तरी हिची फजिती होईल, मग मी पुढे होऊन सांगेन की अगं खळगा राहिला, आणि आबा म्हणतील, बघा, नकूला ठाऊक हाय. एवढंच हवं होतं मला. मशीन माझ्या डोक्यात नव्हतं. पण फक्कीची रेघ मी पाहिली तेव्हा तर सांगू शकत होते. तेव्हा पेपरातला फोटो नुकताच ट्रंकेवर चिकटला होता.

त्या वहीचं पान मी फाडलं आणि काल सुप्याच्या पोस्टातून रजिस्टर केलं. तुला नाही, रघुनाथरावांना. तुझ्याकडे पाठवलं असतं तर तू चुलीत घातलं असतंस. तुमच्याकडे गॅस असतो, पण घातलंच असतंस. सोबत सही करून चिठ्ठी लिहिली आहे की जागा अंगणवाडी सेविका नकोशी हिने जाणूनबुजून वगळली, कु. योगिनी यांचा दोष नाही. अक्षर चांगलं काढलं आहे.

आबांना अजून सांगितलं नाही. तेवढं धैर्य एका दिवसात होत नाही.

आक्का


बरकडेवाडी
ता. १९ फेब्रुवारी १९९८

चि. योगिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. या वेळी चार ओळींचं नाही, चार पानांचं. माझ्यावर ओरडशील असं वाटलं होतं. त्याऐवजी तू लिहितेस की आबांनी वहाणा काढल्या ते तूही डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं होतंस, आणि दुर्बिणीला डोळा लावलास तो परक्यांचं लक्ष तिकडे जाऊ नये म्हणून. यादीत खळगा दिसला नाही तेव्हा तुला वाटलं, 'आक्काने लिहिलं नाही म्हणजे लिहायचं नसणार. तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं.' खळग्यात पंखा कोण बसवतो, म्हणून तू निर्धास्त राहिलीस आणि रस्त्याचा विचार केला नाहीस. तेव्हा सभेत तू खोटं बोलली नव्हतीस. मी मात्र म्हटलं होतं की तू माझी चूक नेलीस. आता कळलं, अर्धी तुझीच होती.

आणखी एक लिहिलं आहेस, ते मी तीनदा वाचलं. वसतिगृहात रोज संध्याकाळी तुला माझा हेवा वाटायचा, कारण मी आबांच्या शेजारी भाकरी खात असणार. हे तू वीस वर्षांत एकदाही बोलली नाहीस. मी तरी कुठे बोलले?

रघुनाथरावांचं उत्तर कंपनीच्या कागदावर आलं. तुझी नोकरी राहिली, इंदापूरचं काम तुझ्याकडेच. रस्ता खळग्यापासून चारशे फूट पलीकडून नेणार, पाझरावरची माती माणसं लावून हातांनी काढणार, मशीन नाही. आणि यापुढे यादी झाली की वाडीतल्या म्हाताऱ्यांना ती वाचून दाखवायची, एकटी बाई किंवा एकटा बुवा लिहील आणि कंपनी मानील असं होणार नाही. माझ्यामुळे नियम झाला म्हणायचा. फोटो छापणार नाहीत, हे चांगलं आहे.

वाडीला मी पारावर उभी राहून सांगितलं. सरूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी नातवाला घेऊन अंगणवाडीत आल्या आणि म्हणाल्या, "पानी उकळतीया आता. तुजं ऐकलं म्हनून न्हाय, पोराला जुलाब हुत्यात म्हनून." बरं म्हटलं.

आबांना सोमवारी सांगितलं. ते खळग्याशी होते. माती काढायला माणसं यायची होती, त्याआधीच हे फावडं घेऊन एकटे. भुरी शेजारी उभी. मी म्हटलं, "आबा, मला ठाऊक व्हतं. म्या मुद्दाम लिवलं न्हाय. योगीच्या हेव्यानं." सगळं सांगितलं. वहीचं पान, फक्कीची रेघ, फोटो, पाडव्याचं दूध. बोलताना त्यांच्याकडे बघवत नव्हतं म्हणून मातीकडे बघत होते.

ओढ्याच्या पलीकडे तुमच्या कंपनीची चार माणसं घमेली घेऊन येत होती. ती जवळ आली तसे आबा उठले आणि त्यांनी खळग्याकडे नाही, माझ्याकडे पाठ केली. मी म्हटलं, संपलं. आता हा माणूस जन्मात माझ्याकडे तोंड करणार नाही. जायला वळले, तेव्हा माझी नजर खाली गेली.

आबांनी वहाणा काढून ठेवल्या होत्या.

तुझी,
आक्का